सागरी कासवांचा प्रवास आणि चरण्याच्या जागा : माग कसा काढावा

उपग्रहाच्या साहाय्याने माग काढलेल्या सागरी कासवाच्या नकाशावर जी अखंड रेघ दिसते, ती कासवाने काढलेली नसते. कासव श्वास घेण्यासाठी वर आले, पाठीवरचे यंत्र काही सेकंद पाण्याबाहेर राहिले, नेमक्या त्याच वेळी वरून जाणाऱ्या उपग्रहापर्यंत त्याचा संदेश पोहोचला आणि त्यातून एक ठिपका मिळाला. असे ठिपके नंतर आपण जोडतो. दोन ठिपक्यांच्या मधले पाणी कासवाने कसे कापले, ते त्या रेघेला ठाऊक नसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की रेघ संपून जिथे ठिपक्यांचा दाट पुंजका तयार होतो, तिथे ‘खाद्यक्षेत्र’ असे लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. कासव तिथे थांबले, एवढेच त्या पुंजक्यावरून सिद्ध होते. ते तिथे खाते का आणि काय खाते, याचा पुरावा वेगळा मिळवावा लागतो. प्रवास आणि आहार यांचा माग स्वतंत्र साधनांनी काढून ते दोन्ही पुरावे शेवटी एकमेकांशी ताडून पाहायचे, या तत्त्वावर हे मार्गदर्शन उभे आहे.

आधी प्रश्न, मग यंत्र

काम सुरू करण्यापूर्वी एका वाक्यात प्रश्न लिहून काढावा. ‘या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या माद्या हंगाम संपल्यावर कोठे जातात?’ हा एक प्रश्न झाला. ‘या खाडीत चरणारी हिरवी कासवे कोणत्या किनाऱ्यांवर जन्मली?’ हा अगदी वेगळा प्रश्न असून त्याचे उत्तर उपग्रह टॅगपेक्षा (म्हणजे पाठीवर बसवायच्या त्या यंत्रापेक्षा) जनुकीय तपासणीतून अधिक स्वस्तात आणि अधिक खात्रीने मिळते. ‘दोन विणींच्या मधल्या दिवसांत मादी किनाऱ्यापासून किती अंतरावर राहते?’ या तिसऱ्या प्रश्नासाठी टॅग हंगामाच्या सुरुवातीलाच बसवला पाहिजे, तर स्थलांतराचा मार्ग हवा असेल तर तो हंगामाच्या शेवटी बसवणे शहाणपणाचे, कारण बॅटरीचे आयुष्य मर्यादित असते आणि मादी किनाऱ्याजवळ घुटमळत असताना ते वाया जाते. हिरवी कासवे आणि लॉगरहेड या जातींच्या माद्या साधारण दोन आठवड्यांनी, तर लेदरबॅक जातीच्या माद्या नऊ-दहा दिवसांनी पुन्हा अंडी घालायला येतात, हे लक्षात ठेवले म्हणजे टॅग कधी बसवायचा याचे गणित मांडता येते.

कोणत्या जातीचा अभ्यास करायचा, यावरही सारे अवलंबून असते. जगात सागरी कासवांच्या सात जाती आहेत आणि त्यांची ताटे निरनिराळी आहेत. प्रौढ हिरवे कासव मुख्यतः सागरी गवत आणि शेवाळ खाते. हॉक्सबिल प्रवाळखडकांतले स्पंज कुरतडते. लॉगरहेड आपल्या भक्कम जबड्याने शंख-शिंपले आणि खेकडे फोडते. केम्प्स रिडलेचा भर खेकड्यांवर असतो. ऑलिव्ह रिडले मिळेल ते खाणारे आणि खुल्या समुद्रात दूरवर भटकणारे आहे. फ्लॅटबॅक मऊ शरीराचे तळजीव खाते. आणि लेदरबॅक जवळजवळ सर्वस्वी जेलीफिश व तत्सम पारदर्शक जीवांवर जगते. गवताच्या कुरणावर चरणारे हिरवे कासव महिनोन्महिने काही चौरस किलोमीटरांत राहू शकते, उलट जेलीफिशच्या मागे जाणाऱ्या लेदरबॅकचे ‘खाद्यक्षेत्र’ एखाद्या महासागराच्या मोठ्या भागाएवढे पसरते. पश्चिम पापुआच्या जामुर्सबा-मेदी किनाऱ्यावर टॅग बसवलेली एक लेदरबॅक मादी ६४७ दिवसांत २०,५५८ किलोमीटर पोहली आणि प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्याजवळच्या थंड, जेलीफिशने समृद्ध पाण्यात गेली. अशा प्राण्यासाठी आणि गवतावर चरणाऱ्या प्राण्यासाठी एकच यंत्र, एकच वेळापत्रक आणि एकच विश्लेषण वापरणे चुकीचे ठरते.

परवानगीबाबत थोडक्यात. सर्व सागरी कासवे साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या, कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे त्वचेचा तांदळाएवढा नमुनासुद्धा देशाच्या सीमेपार पाठवायचा असेल तर कागदपत्रे लागतात. आणि ती मिळायला वेळ लागतो. कासवाला हात लावणे, टॅग बसवणे व नमुना घेणे यासाठी आपापल्या देशातील वन्यजीव विभागाची लेखी परवानगी आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, ही दोन्ही असल्याखेरीज पुढे जाऊ नये.

साधी साधने प्रथम

उपग्रहांच्या झगमगाटात साध्या टॅगला कमी लेखले जाते, ते योग्य नाही. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५५ साली कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर हिरव्या कासवांना धातूचे क्रमांकित टॅग लावायला सुरुवात केली. टॅग परत पाठवणाऱ्याला बक्षीस दिले जाई. दूरदूरच्या मच्छीमारांकडून परत आलेल्या त्या टॅगांनीच कासवे अंडी घालण्याच्या आणि चरण्याच्या जागांमध्ये शेकडो किलोमीटरांचा प्रवास करतात, हे पक्के झाले. दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर अंडी घालणारी हिरवी कासवे सुमारे २,२०० किलोमीटर दूर ब्राझीलच्या किनाऱ्यालगत चरतात, ही गोष्टही आधी टॅगांनी सांगितली. त्यांच्या प्रत्यक्ष मार्गाची रेघ नंतर उपग्रहांनी दिली.

फ्लिपरला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, लावायचा टॅग आज बहुधा इन्कोनेल या मिश्रधातूचा किंवा टायटॅनियमचा असतो. तो पुढच्या फ्लिपरच्या मागच्या कडेला, शरीराच्या जवळ लावतात. लावताना टॅग आणि फ्लिपरची कड यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी; टॅग घट्ट बसला तर कातडी दबून जखम होते आणि फारच सैल बसला तर तो जाळ्यात अडकतो. एकच टॅग गळून पडण्याची शक्यता मोठी असल्याने दोन्ही फ्लिपरना लावावा आणि त्यासोबत कातडीखाली सूक्ष्म चिप, म्हणजे पिट टॅग, घालावा. पिट टॅगला बॅटरी नसते. वाचकयंत्र जवळ नेले की तो आपला क्रमांक सांगतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. कोणत्या बाजूला आणि कोणत्या प्रकारची चिप घातली, याची नोंद मात्र अत्यंत काटेकोर हवी, कारण वेगळ्या वारंवारतेचे वाचकयंत्र वापरणाऱ्या पुढच्या माणसाला तीच मादी ‘नवी’ वाटू शकते.

ज्यांना कासवाला हात लावण्याची परवानगी नाही, त्यांच्यासाठी छायाचित्रावरून ओळख पटवणे हा उत्तम मार्ग आहे. कासवाच्या चेहऱ्याच्या बाजूवरील खवल्यांची मांडणी प्रत्येकात वेगळी असते आणि दीर्घकाळ तशीच राहते. डाव्या व उजव्या गालाची मांडणीही सारखी नसते, त्यामुळे दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, फ्लॅश टाळावा, पाठलाग करू नये आणि प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, स्थान, खोली व त्या क्षणी कासव काय करत होते, हे लिहून ठेवावे. ‘गवत खात होते’ ही पाणबुड्याने डोळ्यांनी पाहून केलेली नोंद पुढे उपग्रहाच्या शंभर ठिपक्यांना अर्थ देऊ शकते.

उपग्रह टॅग कसा काम करतो

टॅगांचे संदेश टिपणारी आर्गोस ही उपग्रह यंत्रणा १९७८ पासून चालू आहे. ध्रुवांवरून फिरणारे तिचे उपग्रह सुमारे ८५० किलोमीटर उंचीवर असतात. टॅग ठरावीक वारंवारतेवर लहानसा संदेश पाठवतो, आणि उपग्रह जवळ येताना व दूर जाताना त्या वारंवारतेत जो बदल जाणवतो, म्हणजे डॉप्लर परिणाम, त्यावरून टॅगचे स्थान काढले जाते. एक उपग्रह क्षितिजावर साधारण दहा मिनिटेच दिसतो. त्या दहा मिनिटांत कासव किती वेळा वर येते, यावर स्थानाची अचूकता ठरते. ध्रुवांच्या तुलनेत विषुववृत्ताजवळ दिवसात कमी वेळा उपग्रह डोक्यावरून जातात, ही गोष्ट वेळापत्रक आखताना विसरू नये.

प्रत्येक स्थानाला आर्गोस एक दर्जा देते. दर्जा ३ म्हणजे चूक २५० मीटरांपेक्षा कमी, दर्जा २ म्हणजे २५० ते ५०० मीटर, दर्जा १ म्हणजे ५०० ते १,५०० मीटर आणि दर्जा ० म्हणजे त्याहून अधिक. ए आणि बी या दर्जांना अचूकतेचा अंदाज जोडलेला नसतो आणि झेड म्हणजे बाद. कासवे पाण्यावर फार थोडा वेळ राहत असल्याने बहुतेक ठिपके ए आणि बी दर्जाचेच येतात. ते सरसकट फेकून दिले तर हातात काहीच उरत नाही. प्रत्यक्ष चाचण्यांत ए दर्जाचे ठिपके बऱ्याचदा दर्जा १ च्या तोडीचे निघाले आहेत. म्हणून ठिपके गाळण्याऐवजी त्यांची अनिश्चितता विश्लेषणात धरणे, हा मला अधिक प्रामाणिक मार्ग वाटतो.

प्रवासाचा साधारण मार्ग हवा असेल तर साधा आर्गोस टॅग पुरतो. एखाद्या खाडीत कासव गवतावर असते की शेजारच्या खडकांवर, हे जाणून घ्यायचे असेल तर मात्र तो अपुरा आहे. तिथे फास्टलॉक जीपीएस असलेला टॅग घ्यावा. नेहमीच्या जीपीएसला स्थान काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ कासव वर राहत नाही. फास्टलॉक यंत्र एका सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात उपग्रहांच्या संकेतांचा एक क्षणिक नमुना टिपते आणि स्थानाचे गणित नंतर केले जाते. यासाठी किमान ४ जीपीएस उपग्रह दिसावे लागतात, आणि ६ किंवा अधिक दिसले तर चूक काही दशक मीटरांवर येते. ही माहितीसुद्धा शेवटी आर्गोसच्याच अरुंद वाटेने जमिनीवर येते, त्यामुळे टिपलेले प्रत्येक स्थान आपल्यापर्यंत पोहोचेल असे गृहीत धरू नये.

टॅगवर धातूचे दोन छोटे बिंदू असतात. तो खाऱ्या पाण्याचा स्विच. ते पाण्यात असले की खाऱ्या पाण्यातून त्यांच्यामध्ये विद्युतप्रवाह वाहतो आणि टॅग गप्प राहतो. बाहेर आले की प्रवाह तुटतो आणि टॅग संदेश सोडतो. बॅटरी वाचते ती या साध्या युक्तीमुळे. पुढच्या भागात या दोन बिंदूंचा उल्लेख पुन्हा येईल, कारण टॅग वेळेपूर्वी गप्प पडण्याचे एक कारण तिथेच दडलेले असते.

किनाऱ्यावर टॅग बसवताना

अंडी घालण्यासाठी वर आलेल्या मादीला आधी तिचे काम पूर्ण करू द्यावे. ती जागा शोधत असताना किंवा खड्डा खणत असताना उजेड, हालचाल किंवा आवाज झाला तर ती अंडी न घालता परत फिरते. अंडी घालून झाल्यावर, वाळू लोटून घरटे झाकून ती समुद्राकडे वळली, की मगच तिला तळ नसलेल्या लाकडी चौकटीत थोपवावे. चौकटीच्या फळ्या तिला पलीकडे दिसणार नाही इतक्या उंच असाव्यात. डोक्यावर ओला कपडा घातला की बहुतेक माद्या शांत होतात. दिवा लागलाच तर मंद लाल प्रकाशाचा घ्यावा.

प्रथम कवचाची वक्र लांबी लवचीक फितीने मोजावी, फ्लिपर टॅग व पिट टॅग तपासावेत, आणि त्वचेचा नमुना याच वेळी घ्यावा. मग कवचाचा सर्वांत उंच भाग निवडावा; कठीण कवचाच्या कासवांत तो सामान्यतः मानेकडून पहिल्या-दुसऱ्या मधल्या खवल्यावर येतो. जागा अशी असावी, की मादीने श्वासासाठी डोके वर काढले तेव्हा अँटेना पूर्णपणे पाण्याबाहेर येईल. तिथले बार्नॅकल (कवचाला चिकटून राहणारे छोटे कठीण जीव) व शेवाळ खरवडून काढावेत, पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करावा, गोड्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा आणि शेवटी ॲसिटोनने पुसावा. या तयारीत घाई करू नये. टॅग चिकटवण्याचा इपॉक्सी हा पदार्थ ओल्या, तेलकट किंवा शेवाळ राहिलेल्या कवचाला धरत नाही, आणि टॅग काही आठवड्यांत गळून पडण्यामागे बहुधा या पाच मिनिटांची कंजुषी असते.

दोन भागांचे इपॉक्सी मिसळले की ते सुकताना तापते. जाड गोळा एकदम लावला तर ती उष्णता कवचाखालच्या जिवंत ऊतींपर्यंत पोहोचू शकते. म्हणून पातळ थर द्यावेत, बोट ठेवून ऊब पाहत राहावे आणि एक थर निवल्यावरच दुसरा द्यावा. टॅगच्या पुढच्या बाजूला इपॉक्सीचा उतार करून नावेच्या नाळेसारखा आकार द्यावा, म्हणजे पाणी सहज घसरेल. टॅगचे वजन हा निकष सर्वजण पाळतात. टॅग आणि त्याला लागणारे सर्व साहित्य मिळून प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या बऱ्याच खाली असावे. परंतु पोहणाऱ्या प्राण्याला वजनाहून पाण्याचा अडथळा अधिक जाचतो. चौकोनी, उंच आणि बेढब बसवलेला हलका टॅग हा सुबक बसवलेल्या जड टॅगपेक्षा वाईट, असे माझे मत आहे. लेदरबॅकच्या पाठीवर कठीण खवले नसतात. पूर्वी तिला पट्ट्यांचा साज चढवत, पण त्या पट्ट्या पोहण्याला अडथळा करतात असे दिसल्यावर पाठीच्या मधल्या कण्यावर लहान टॅग थेट बसवण्याची पद्धत पुढे आली. हे काम अनुभवी पशुवैद्यकाच्या उपस्थितीतच व्हावे.

सर्वांत शेवटी टॅगवर शेवाळरोधक रंग द्यावा, आणि स्विचचे ते दोन बिंदू रंगातून कटाक्षाने वगळावेत. त्यांच्यावर रंग बसला तर टॅगला आपण पाण्यात आहोत की बाहेर, हे कळेनासे होते. मादीला सोडण्यापूर्वी टॅग चालू आहे, त्याचा क्रमांक नोंदला आहे आणि चाचणी संदेश आला आहे, याची खात्री करावी. मग चौकट उचलावी आणि बाजूला व्हावे. तिला ढकलण्याची गरज नसते.

ठिपक्यांतून प्रवास वाचणे

पहिल्या आठवड्यात रोज नकाशा उघडून पाहण्याची इच्छा होणारच, पण निष्कर्षाची घाई करू नये. कच्च्या माहितीत काही ठिपके डोंगरात पडलेले असतात, काही दोन तासांत २०० किलोमीटर पुढे उडालेले असतात. एकाच वेळेचे दुबार ठिपके काढावेत. सलग दोन ठिपक्यांमधला वेग ताशी ५ किलोमीटरपेक्षा जास्त येत असेल तर त्यातला एक संशयास्पद समजण्याचा प्रघात आहे. जमिनीवर पडलेला ठिपका लगेच पुसू नये. किनाऱ्यालगत चरणाऱ्या कासवाचा ठिपका चुकीमुळे किनाऱ्याच्या आत सरकू शकतो, आणि असे सगळे ठिपके काढले तर उरलेले चित्र समुद्राच्या बाजूला झुकते.

त्यानंतर स्टेट-स्पेस प्रतिमानाने ठिपके समान अंतराच्या वेळांवर आणावेत. हे प्रतिमान प्रत्येक ठिपक्याच्या दर्जानुसार त्याला कमी-अधिक वजन देते आणि मधल्या मार्गाचा अंदाज अनिश्चिततेसह सांगते. आर या संगणकभाषेत यासाठी मोफत संच उपलब्ध आहेत; माहिती साठवण्यासाठी व इतरांशी वाटून घेण्यासाठी मूव्हबँक आणि ओबिस-सीमॅप ही भांडारे आहेत.

ज्यांना प्रतिमानांची सवय नाही, त्यांनी एक साधा आलेख अवश्य काढावा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर टॅग बसवलेल्या किनाऱ्यापासूनचे सरळ अंतर. सुरुवातीला रेघ शून्याजवळ खालीवर होते, म्हणजे मादी अजून पुढच्या विणीची वाट पाहत आहे. मग एके दिवशी ती चढू लागते आणि दिवसाला सुमारे ४०-५० किलोमीटरांच्या चालीने चढत राहते, हे स्थलांतर. नंतर ती अचानक सपाट होते आणि आठवडे, महिने सपाटच राहते. चढ जिथे संपतो तो दिवस म्हणजे मुक्कामावर पोहोचल्याचा दिवस. एखाद्या मादीची रेघ मध्येच पंधरा दिवस सपाट होऊन पुन्हा चढते. तो वाटेतला थांबा असतो आणि त्याला अंतिम खाद्यक्षेत्रात मिसळू नये. लेदरबॅकसारख्या भटक्या जातीत सपाटी येतच नाही, तिथे वेग मंदावणे आणि वळणे वाढणे या खुणांवर विसंबावे लागते. वळणे वाढली म्हणजे अन्न सापडले, असे मात्र नाही; समुद्रातील भोवऱ्यात सापडलेले कासवही तसेच फिरताना दिसते. म्हणून त्या काळातील प्रवाहांची माहिती घेऊन पाण्याने नेलेले अंतर वजा करून पाहावे.

मुक्कामाचा प्रदेश काढण्यासाठी घनतेवर आधारित कर्नेल पद्धत वापरतात. ९५ टक्के वापराची सीमा म्हणजे एकूण वावर आणि ५० टक्क्यांची म्हणजे गाभा. त्यासाठी एका दिवसाचा एकच सर्वोत्तम ठिपका घ्यावा. ज्या दिवशी अठरा ठिपके मिळाले तो दिवस, आणि ज्या दिवशी एकच मिळाला तो दिवस, हे दोन्ही कासवाच्या आयुष्यातील सारखेच दिवस आहेत.

थांबणे आणि खाणे यांतील अंतर

थांबलेले कासव झोपलेले असू शकते, आजारी असू शकते, थंडीच्या महिन्यांत तळाशी निपचित राहिलेले असू शकते. टॅगमध्ये खोली मोजण्याची सोय असेल तर बुड्यांचा आकार पाहावा. सरळ खाली जाऊन तळाशी बराच वेळ राहून सरळ वर येणारी बुडी आलेखात इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी दिसते. ती तळावर चरण्याची असू शकते, तशीच विश्रांतीचीही. दिवसाच्या आखूड बुड्या आणि रात्रीच्या लांब बुड्या असा फरक दिसला तर दिवसा चरणे व रात्री विसावणे हा अर्थ बळकट होतो, पण तरीही तो अर्थच असतो. लेदरबॅकने तर १,२०० मीटरहून खोल बुडी मारल्याच्या नोंदी आहेत, आणि अशी प्रत्येक खोल बुडी खाण्यासाठीच असते असे मानता येत नाही.

त्यामुळे शक्य असेल तिथे ठिपक्यांच्या गाभ्यात प्रत्यक्ष जाऊन तळ पाहावा. हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहात अंडी घालणाऱ्या हिरव्या कासवांपैकी काही टॅग बसवल्यावर ग्रेट चागोस बँक या बुडालेल्या विस्तीर्ण उथळ्यावर जाऊन स्थिरावली. कासवे तिथे का थांबतात, हे पाहण्यासाठी संशोधक पाण्यात उतरले तेव्हा २९ मीटर खोलीपर्यंत पसरलेली, पूर्वी कोणी न नोंदवलेली सागरी गवताची कुरणे सापडली; हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कासवाने माणसाला कुरण दाखवले ते केवळ ठिपक्यांमुळे नव्हे, तर ठिपक्यांच्या मागे कोणी पाण्यात उतरले म्हणून.

गवताच्या तळावर चरल्याच्या खुणा ओळखता येतात. हिरवे कासव पान बुडाजवळ चावते, वरचा तुकडा सुटून तरंगत जातो, आणि काही दिवसांनी ते त्याच तुकड्यावर परत येऊन नवे कोवळे पान खाते. कोवळ्या पानांत पचायला जड असा भाग कमी आणि नत्र अधिक असते. त्यामुळे उंच गवताच्या मध्ये, कातरीने कापल्यासारखा सारख्या उंचीचा खुरटा पट्टा दिसला आणि त्याच्या कडेला पाण्यावर पानांचे तुटलेले तुकडे तरंगताना आढळले, तर तिथे कासवे चरत आहेत असे समजावे. चौकट टाकून पट्ट्याच्या आत व बाहेर पानांची उंची मोजावी आणि काही दिवसांनी पुन्हा मोजावी.

प्रत्यक्ष पोटात काय गेले, हे अन्ननलिका पाण्याने हळुवार धुऊन मिळालेल्या घासांवरून, विष्ठेवरून किंवा मृत कासवाच्या विच्छेदनावरून कळते. हे सर्व पुरावे शेवटच्या काही जेवणांबद्दल बोलतात. महिन्यांचा आहार जाणून घ्यायचा तर स्थिर समस्थानिकांकडे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या, न विघटणाऱ्या अणूंकडे, वळावे लागते.

तत्त्व सोपे आहे. प्राणी जे खातो त्यातील कार्बन आणि नत्र त्याच्या शरीरात उतरतात. नत्र-१५ चे प्रमाण अन्नसाखळीतील प्रत्येक पायरीला साधारण ३ सहस्रांशांनी वाढते, त्यामुळे गवत खाणारे आणि खेकडे खाणारे कासव वेगळे दिसतात. कार्बन-१३ किनाऱ्यालगतच्या तळावरील अन्नसाखळीत अधिक, तर खुल्या समुद्रातील प्लवकांवर आधारलेल्या साखळीत कमी आढळतो. मान किंवा खांद्याजवळची त्वचा निर्जंतुक करून ६ मिलिमीटरच्या बायोप्सी पंचने छोटा नमुना घेतात व मद्यार्कात किंवा मिठात ठेवतात. सर्व नमुने एकाच पद्धतीने साठवावेत, म्हणजे साठवणीमुळे पडणारा फरक तुलनेत शिरणार नाही. त्वचा हळूहळू बदलते, म्हणून ती काही महिन्यांपूर्वीचा आहार सांगते. रक्तद्रव अलीकडचा सांगतो. आणि कवचाच्या खवल्यांचे थर आणखी मागचा काळ जपून ठेवतात. विणीच्या हंगामात माद्या फारसे खात नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावर घेतलेल्या त्वचेत ती जिथून निघाली त्या खाद्यक्षेत्राची खूण शाबूत असते. ही या पद्धतीची सर्वांत मोठी देणगी आहे.

एका महत्त्वाच्या चुकीपासून सावध राहावे. नत्र-१५ जास्त म्हणजे प्राणी मांसाहारी, असे थेट म्हणता येत नाही, कारण काही समुद्रभागांत मुळातल्या वनस्पतींमध्येच ते जास्त असते आणि सांडपाण्यामुळेही ते वाढते. म्हणून त्या-त्या क्षेत्रातील गवत, शेवाळ, स्पंज, शिंपले यांचे नमुनेही तपासावेत. सर्वांत भरवशाची रचना अशी : थोड्या माद्यांना उपग्रह टॅग लावून त्याच माद्यांची त्वचा घ्यावी, कोणत्या खाद्यक्षेत्राची समस्थानिकांतील खूण कशी दिसते हे त्यांवरून ठरवावे, आणि मग टॅग नसलेल्या शंभर माद्यांच्या त्वचेवरून त्या कोठून आल्या याचा अंदाज बांधावा.

दोन पुरावे एकत्र आल्यावर काय घडू शकते, याचे सुंदर उदाहरण जपानमध्ये अंडी घालणाऱ्या लॉगरहेड माद्यांचे आहे. प्रौढ लॉगरहेड किनाऱ्यालगतच्या तळावरच चरतात, असा समज होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समस्थानिके आणि उपग्रह टॅग या दोन्हींनी दाखवले, की आकाराने मोठ्या माद्या किनाऱ्यालगत चरतात खऱ्या, पण लहान माद्यांपैकी अनेक खुल्या समुद्रातच जगतात. पुढे केप व्हर्देच्या लॉगरहेडमध्येही असेच आढळले. फक्त मोठ्या माद्यांनाच टॅग लावले असते तर ही अर्धी गोष्ट कधीच दिसली नसती. म्हणून टॅगसाठी माद्या निवडताना त्यांच्या आकाराची विविधता जाणीवपूर्वक राखावी.

जनुकीय पुराव्याचेही असेच. मातेकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियातील डीएनएवरून १९९५ मध्ये दिसून आले होते, की मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाजवळ चरणारी लॉगरहेड जपानमध्ये जन्मलेली असतात. १९९६ मध्ये संशोधक वॉलेस निकोल्स यांनी तिथूनच सोडलेल्या ‘आदेलिता’ या मादीने ३६८ दिवसांत सुमारे ११,५०० किलोमीटर पोहून जपानचा किनारा गाठला, तेव्हा प्रयोगशाळेतील अनुमानाला समुद्रावरची वाट मिळाली.

जे किनाऱ्यावर येत नाहीत

नर सहसा किनाऱ्यावर येत नाहीत आणि पिल्ले एकदा पाण्यात गेली की कित्येक वर्षे दिसत नाहीत. त्यामुळे आपल्या नकाशांवर प्रौढ माद्यांचीच गर्दी आहे, हे प्रत्येक अहवालात स्पष्ट लिहावे. पिल्लांचे कवच झपाट्याने वाढते व कडक इपॉक्सी त्याला अडवते. संशोधक केट मॅन्सफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १७ लहान लॉगरहेडना लवचीक पद्धतीने छोटे सौर टॅग लावले. ती पिल्ले अटलांटिकच्या प्रवाहातून केवळ वाहत जात नाहीत, काही जण सरगॅसम शेवाळ असलेल्या पाण्याकडे प्रवाह सोडून वळतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवाळाची ही तरंगती चटई निवारा, अन्न आणि बहुधा ऊबही देते.

टॅग गप्प झाल्यावर

टॅग बंद पडला की कासव मेले, असा निष्कर्ष काढू नये आणि सगळे ठीक आहे, असाही काढू नये. शेवटच्या संदेशांत बॅटरीचा दाब उतरत गेलेला दिसतो का, ते पाहावे. बॅटरी ठणठणीत असताना संदेश विरळ होत गेले असतील तर अँटेना झिजली असेल किंवा स्विचच्या त्या दोन बिंदूंवर शेवाळ चढले असेल. संदेश अचानक भरपूर आणि उत्तम दर्जाचे येऊ लागले व टॅग सतत कोरडा असल्याचे सांगू लागला, तर तो निखळून तरंगत आहे किंवा प्राणी बोटीवर घेतला गेला आहे. ठिपके जमिनीवरून रस्त्याने सरकताना दिसले तर कासव पकडले गेले, हे जवळजवळ निश्चित. अशी नोंद संबंधित विभागाला तातडीने कळवावी. जिवंत कासवांची ताजी, अचूक स्थाने मात्र कोठेही उघड करू नयेत. नकाशा काही आठवड्यांच्या विलंबाने आणि ढोबळ करून दाखवावा.

माद्या बहुधा दोन ते चार वर्षांनी त्याच किनाऱ्यावर परततात. त्या काळात रात्रीची गस्त चालू ठेवावी आणि वाचकयंत्र सोबत बाळगावे. टॅग लावलेली मादी परत आली तर आधी कवचावरची जुनी जागा पाहावी, तिथे झीज किंवा जखम आहे का ते छायाचित्रासह नोंदवावे, उरलेले इपॉक्सी सैल असेल तर काढावे, कवचाची लांबी पुन्हा मोजावी, आणि त्वचेचा दुसरा नमुना घेऊन पहिल्याच्या शेजारी ठेवावा. दोन्हींची खूण सारखी निघाली, तर ती मधल्या वर्षांत त्याच कुरणावर परतली असण्याची शक्यता बळावते. वेगळी निघाली, तर त्या खाद्यक्षेत्रात गवत उरले आहे का, हे पाहण्यासाठी पुन्हा एकदा पाण्यात उतरावे लागेल.